कोजागरीच्या पडद्यासाठी विनोदी चित्रपट सुचवा, आणि हसू नेमके कशाने येते तेही सांगा

गंगावेशकर

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीचे तरुण मंडळ कोजागरीला रस्त्यात पडदा बांधून एक चित्रपट दाखवते आणि मध्यंतरात मसाला दूध वाटते. गेल्या वर्षी कार्यकर्त्यांनी एक अलीकडचा विनोदी चित्रपट निवडला होता. त्यात घडीघडीला कोणीतरी घसरून पडत होते, तोंडे वेडीवाकडी होत होती आणि प्रत्येक विनोदानंतर ‘आता हसा’ असे बजावणारे वाद्यही वाजत होते. तरीही मध्यंतर होण्याआधीच मागच्या रांगेतल्या बायकांनी चटया गुंडाळायला घेतल्या. यंदा निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. नुसती नावांची यादी नको आहे, कारण याद्या आमच्याकडेही आहेत. माणसे कशाला हसतात याचा थोडा विचार करून मग नाव ठरवावे, असे वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपण विनोदी आहोत याची ज्या पात्राला गंधवार्ता नसते, तेच पात्र पोट धरून हसायला लावते. कोल्हापुरात हे शिक्षण फुकट मिळते. गंगावेशीत आणि मिरजकर तिकटीला म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा, ही जुनी रीत आहे. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्याने ग्लास तोंडाला लावण्यापूर्वी “यात पाणी तर नाही ना?” असे विचारले. गवळ्याने ना धार थांबवली, ना मान वर केली. तो म्हणाला, “तुमच्या म्होरंच काढतोय की. पाण्याचं म्हशीला इचारा, सकाळी किती प्यालीया ते मला काय म्हाईत?” कट्ट्यावरचे सगळे हसले, पाहुणाही हसला. गवळी तेवढा हसला नाही, त्याने पुढचा ग्लास धारेखाली धरला. तो हसला असता तर त्या वाक्याचा टोमणा झाला असता आणि पाहुणा दुखावून निघून गेला असता.

चित्रपटात हेच सूत्र याच गावाने फार पूर्वी ओळखले होते. हंस पिक्चर्सच्या ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांचा बगाराम हा नगरपालिकेतला भाबडा कारकून ब्रँडी शोधत हिंडतो, पण ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि लेखन आचार्य अत्र्यांचे. बगारामला ती बाटली खरोखर हवी आहे, मनापासून हवी आहे, आणि सारा विनोद त्या तळमळीवर उभा आहे. तुम्हाला काय वाटते?

जुना_प्रॉम्प्टर

गंगावेशकर, आपले म्हणणे मान्य आहे, पण ते अर्धेच आहे. गंभीर चेहरा तर सरकारी कचेरीतही पुष्कळ दिसतो, म्हणून काही तिथे कोणी हसत नाही. मी हौशी नाटकांच्या विंगेत संहिता हातात धरून, नटांना विसरलेली वाक्ये हळूच सांगत बरीच वर्षे काढली आहेत. तिथून नट दिसतो पाठमोरा आणि प्रेक्षक दिसतात समोरून, त्यामुळे हसू कुठे उगवते आणि कुठे मावळते हे नटापेक्षा प्रॉम्प्टरला जास्त कळते. विनोदी वाक्य टाकल्यावर हशा वर चढतो, क्षणभर टिकतो आणि मग उतरू लागतो. तो पुरता विझण्याच्या थोडे आधी पुढचे वाक्य यायला हवे. लवकर आले तर हशात बुडते आणि उशिरा आले तर प्रयोग बसतो. चांगला विनोदी नट हे मोजत नाही, त्याला ते कानाने कळते. आणि आजचा प्रेक्षक कालच्यापेक्षा संथ असेल तर तो दुसऱ्या अंकापर्यंत आपली चालही बदलतो.

चित्रपटाला ही सोय नाही, कारण पडद्यावरचा नट आमच्या गल्लीसाठी थांबणार नाही. म्हणून जाणते दिग्दर्शक विनोदी वाक्यानंतर लगेच दुसरे वाक्य न ठेवता ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात. तो चेहरा म्हणजे हसण्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. गेल्या वर्षीच्या आपल्या चित्रपटात ती जागा वाद्याने भरली होती, हा माझा अंदाज आहे.

गंभीर चेहऱ्याचेच उदाहरण हवे असेल तर अमेरिकी मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन घ्यावा. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावर आल्यामुळे तो वाचतो. भिंत खरी होती, वजनदार होती, आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंना जागा अगदी थोडी होती. एवढे होऊनही चेहऱ्यावर रेघ हलत नाही. आपल्या गवळ्याचा हा अमेरिकेतला भाऊबंदच म्हणायचा.

जाता जाता, मी विंग म्हणतो ती केशवराव भोसले नाट्यगृहाची. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळले, तेव्हा शेजारच्या खासबाग मैदानापाशी उभे राहून रडणाऱ्यांत विनोदी नटच अधिक होते.

मंगळवार_पेठ

माझे मत ‘अशी ही बनवाबनवी’ला. संवाद सगळ्यांना पाठ आहेत म्हणून नको, असे म्हणणारे आता येतीलच. त्यांना आधीच सांगून ठेवतो की, पाठ आहेत म्हणूनच तो हवा.

ज्वारीची_भाकरी

हसण्यासाठी विनोद लागतो हे गृहीतच मला तपासून पाहावेसे वाटते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बाजारात, रस्त्यात, विद्यापीठाच्या आवारात सहज बोलणाऱ्या माणसांचे हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग नोंदवले होते. त्यात असे दिसले की, ज्या वाक्यानंतर लोक हसले त्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्यांत विनोदासारखे काही होते. बाकीची वाक्ये “बरं, निघतो मग” अशा थाटाची होती. एकट्याने असताना माणूस जितका हसतो त्याच्या जवळजवळ ३० पट तो चारचौघांत हसतो, हेही त्यांनी दाखवले. कोजागरीच्या कार्यक्रमासाठी ही गोष्ट चित्रपटाच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे. चटया जवळजवळ अंथरा. ऐसपैस खुर्च्या टाकल्या की प्रत्येक जण आपापला एकटा बसतो.

माझ्या सासूबाई रंकाळ्यावर हास्यमंडळात जातात. हा प्रकार डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईच्या एका बागेत पाच माणसांनिशी सुरू केला. विनोद न सांगता नुसते हसायचे, म्हणजे खोटे हसू हळूहळू खरे होते, अशी त्यामागची कल्पना आहे. सासूबाईंबरोबर मीही एका सकाळी गेले. सगळी ज्येष्ठ मंडळी वर्तुळात उभी राहून हात आकाशाकडे नेत “हो हो, हा हा हा” असे शिस्तीने हसत होती, आणि खरे सांगायचे तर ते दृश्य कवायतीसारखे होते. तेवढ्यात दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. त्यांनी सायकल स्टँडला लावली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि अगदी हळू आवाजात सासूबाईंना विचारले, “ताई, कोण गेलं वं?”

त्यानंतर त्या वर्तुळात जे हसू फुटले त्याला कोणी सूचना दिलेली नव्हती. काही जणींना तर कठड्यावर बसावे लागले. आजोबा मात्र टोपी हातात धरून तसेच उभे, कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नव्हते. गंगावेशकरांचा मुद्दा यातून सिद्ध होतो असे मला वाटते, फक्त एक भर घालते: आजोबा गंभीर होते एवढेच कारण नव्हते, तर ते दुःखात सामील व्हायला थांबले होते. त्यांच्या भलेपणामुळे ते हसू बोचरे झाले नाही. शेवटी सासूबाईंनीच त्यांना सगळे समजावून सांगितले. तेव्हा ते म्हणाले, “मग बरं हाय,” आणि टोपी घालून निघून गेले.

कागलचा_वाटसरू

भलेपणाचा विषय ताईंनी काढला आहे, म्हणून एक अप्रिय गोष्ट मांडतो. ‘बनवाबनवी’च्या नावाने सगळे माना डोलावतील, पण पुरुषाने साडी नेसली की हसायचे ही सवय आपल्याला कुठून लागली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा विचार कोल्हापूरकरांनी तरी करायला हवा. गणपत पाटील आपल्याच गावचे. तमाशापटांतला बायकी हावभाव करणारा नाच्या म्हणजे गणपत पाटील असे समीकरण झाले, आणि “आत्ता गं बया” हे शब्द कानावर पडताच थिएटर डोक्यावर घेतले जाई. प्रत्यक्षात ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. पण पडद्यावरचा नाच्या लोकांनी पडद्यावर ठेवला नाही, त्यांच्या घरापर्यंत आणला. ‘रंग नाच्याचे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना हसू येत नाही. २००८ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या अभिनयाविषयी जे लिहिले गेले ते त्यांच्या उमेदीच्या काळात लिहिले गेले असते तर फार बरे झाले असते.

ज्यांच्यावर हसतो त्यांना उलट बोलता येते का, ही माझी कसोटी आहे. गवळ्याच्या गोष्टीतला पाहुणा पैसे देणारा होता, वरचढ होता, म्हणून ती गोष्ट चालते. हेच वाक्य पाहुण्याने गवळ्याला ऐकवले असते तर आपण त्याला उर्मट म्हटले असते.

जुना_प्रॉम्प्टर

वाटसरू, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे, परंतु तमाशाला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तमाशातच या प्रश्नाचे उत्तरही आहे. गण झाला, गवळण झाली की विनोदी संवादांची बतावणी येते आणि नंतर वग, म्हणजे कथानाट्य. या साऱ्यात सोंगाड्याचे काम काय असते? राजा दरबारात हुकूम सोडतो आणि सोंगाड्या तो हुकूम शब्दशः पाळून राजालाच तोंडघशी पाडतो. तो सहसा शिपाई असतो, हलक्या जातीचा किंवा अडाणी म्हणून दाखवलेला असतो, आणि शहाणपण सगळे त्याच्याकडे असते. हसू खालून वर जाते. नाच्याच्या बाबतीत ते वरून खाली आले. एकाच फडावर दोन्ही प्रकार नांदत होते, आणि चित्रपटांनी सोंगाड्यापेक्षा नाच्याला जास्त राबवले, असे फार तर म्हणता येईल.

आता ‘बनवाबनवी’विषयी. १९८८ च्या त्या चित्रपटाचे लेखन वसंत सबनिसांचे आहे, म्हणजे ज्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिले आणि दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) लिहिला त्यांचेच. मूळ कल्पना १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटाची आहे, पण मराठीत आल्यावर तिला वगाचे वळण लागले. त्या चित्रपटात आपण साडीला हसतो का? माझ्या मते आपण हसतो ते भाड्याच्या खोलीसाठी माणसाला काय काय करावे लागते त्याला. डोक्यावर छप्पर नाही ही अडचण अगदी खरी असते, आणि सोंग उघडे पडले तर चौघे रस्त्यावर येणार असतात. घर ही गरज खोटी असती तर पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळा आला असता. काही जागा आज खटकतात, हे मात्र मी मान्य करतो.

शास्त्रीबुवा_नव्हे

आपण सर्व जण जे शोधत आहात ते भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात मांडून ठेवले आहे. हास्यरस दोन प्रकारचा: स्वतः हसतो तो आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. पुढे हसण्याचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, मधले दोन मध्यम पात्रांना आणि शेवटचे दोन अधम पात्रांना शोभतात, असे विधान आहे. दात न दिसू देता गालांत हसणे म्हणजे स्मित; डोळ्यांत पाणी येऊन, बरगड्या धरून, आरडाओरडा करत हसणे म्हणजे अतिहसित.

या वर्गवारीनुसार आमची संपूर्ण शिवाजी पेठ अधम पात्रांत मोडते, याबद्दल माझी मुनींकडे तक्रार नाही.

पंचगंगेकाठी

वाटसरूंच्या कसोटीला एक पुरवणी जोडतो. ज्याच्यावर संकट आले आहे त्याने स्वतः केलेला विनोद हा सगळ्यांत वरच्या प्रतीचा असतो, आणि तो पहिल्यांदा करण्याचा अधिकारही त्याचाच असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून कल्पना यावी. चिखली-आंबेवाडीकडची माणसे बोटींतून बाहेर काढली जात होती. आम्ही एका मंगल कार्यालयात भाकऱ्या वाटत होतो. तिथे भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना कोणीतरी विचारले, “बाबा, घरात पाणी कुठवर आलंय?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, आणि म्हणाले, “नळाला पाणी येईना म्हणून अर्ज करून करून दमलो होतो. आज सगळे अर्ज एकदम मंजूर झाले.”

भोवतालची माणसे हसली आणि त्यांतल्या काही जणी हसता हसता रडल्या. तेच वाक्य आम्हा वाटप करणाऱ्यांपैकी एखाद्याने उच्चारले असते तर आम्हाला तिथून हाकलून दिले असते, आणि ते योग्यच झाले असते. म्हणून “कोल्हापूरकर संकटातही हसतो” असे फलक जे लावले जातात ते मला रुचत नाहीत. कोण हसला ते महत्त्वाचे. आपण त्याच्या वतीने हसल्याची जाहिरात करू नये.

ज्वारीची_भाकरी

पंचगंगेकाठी, पूर्ण सहमत. शिवाय त्या बाबांनी आधी घास मोडला आणि मग उत्तर दिले, हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. प्रॉम्प्टरकाका ज्याला जागा राखणे म्हणतात ते हेच असावे.

गंगावेशकर, एक व्यावहारिक शंका आहे. गल्लीत नऊ-दहा वर्षांची मुले असतील. त्यांना १९३९ चा बगाराम कळेल का? माझ्या मुलीला जुन्या चित्रपटांतली वाक्ये समजतात, पण त्यांचा वेग तिला सोसत नाही. मूकपटांना ती बेदम हसते, कारण तिथे तिला काही ऐकून समजून घ्यावे लागत नाही.

मंगळवार_पेठ

शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असतो तेव्हा गॅलरीतून समोरच्या संघाच्या गोलरक्षकाला जे काही ऐकवले जाते ते भरतमुनींच्या सहांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे शास्त्रीबुवांनी सांगावे. गोलरक्षकाला उलट बोलता येते, आणि तो बोलतोही, त्यामुळे वाटसरूंच्या कसोटीवर आम्ही उत्तीर्ण आहोत. मत अजूनही ‘बनवाबनवी’लाच.

गंगावेशकर

सर्वांचे आभार. मंडळाच्या बैठकीत ही चर्चा वाचून दाखवली. नाना मते पडली, त्यात एकाने प्रत्येक मुद्द्यावर “होय, पण दूध कोण आटवणार?” एवढेच विचारले, आणि त्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते.

ठरले ते असे. आधी लहान मुलांसाठी कीटनचा एक छोटा मूकपट दाखवायचा, म्हणजे ज्वारीची_भाकरी यांच्या शंकेचे निरसन होईल आणि उशिरा येणाऱ्यांना बसायला वेळही मिळेल. मग ‘अशी ही बनवाबनवी’. खुर्च्या फक्त गुडघेदुखीवाल्यांना, बाकी सगळे चटईवर. ‘ब्रँडीची बाटली’चा आग्रह मी सोडला आहे. पडद्यावर नीट दिसेल आणि ऐकू येईल अशी प्रत हाताशी नसताना नुसत्या अभिमानापोटी तो लावणे म्हणजे दामूअण्णांवरच अन्याय. वाटसरूंनी चित्रपटापूर्वी पाच मिनिटे गणपत पाटलांविषयी बोलावे, अशी मंडळाची विनंती आहे. भाषण नको, गोष्ट सांगावी.

कागलचा_वाटसरू

येतो. पाच मिनिटांची सहा होणार नाहीत. दूध आटवायलाही माणूस हवा असेल तर कागलहून माझ्या मेहुण्याला आणतो, तो हसत नाही पण दूध उत्तम आटवतो.

जुना_प्रॉम्प्टर

एक तांत्रिक सूचना. दोन्ही ध्वनिवर्धक पडद्यापाशी ठेवले तर पुढच्या रांगा हसतील आणि मागच्या रांगांना पुढचे वाक्य ऐकू येणार नाही, मग मागच्या रांगा “काय म्हणाला?” असे विचारतील, आणि त्या गडबडीत त्यानंतरचे वाक्यही जाईल. एक ध्वनिवर्धक गल्लीच्या मध्यावर, खांबाला उंच बांधावा आणि त्याचा आवाज पडद्याजवळच्यापेक्षा थोडा कमी ठेवावा. चाचणी रिकाम्या गल्लीत घेऊ नये. दहा-बारा पोरे बसवून, त्यांना मुद्दाम कालवा करायला सांगून घ्यावी. मंगळवार पेठेतून हवी तितकी मिळतील.